३०० ओहम, २५ हजार आणि चिऱ्याची जमीन

बजेट होतं २५ हजार. आंब्याचे पैसे आले की त्यातून एवढे बाजूला काढायचे असं घरात कबूल करून घेतलं होतं, आणि त्यात हेडफोन, ॲम्प म्हणजे ॲम्प्लिफायर, वायरी सगळं बसवायचं होतं. देवगडात हेडफोन कानाला लावून बघायची सोय नाही, मोबाइलच्या दुकानात विचारलं तर ब्लूटूथवाले दाखवतात, त्यामुळे सगळं वाचून आणि थोडं नशिबावर.

पनवेलच्या एका माणसाकडून सेकंडहँड सेनहायझर एचडी ६५० मिळाला १६ हजारांना. हे मॉडेल २००३ पासून चालू आहे, ओपन बॅक, म्हणजे मागून उघडा, आवाज बाहेरही जातो, आणि इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ३०० ओहम. मामेभाऊ कोकणकन्येने गावी येतच होता, त्यानेच पनवेलला तो ताब्यात घेतला आणि रात्रभर मांडीवर धरून कणकवलीला उतरला, कारण कुरियरवर माझा विश्वास नाही.

घरी आल्या आल्या मोबाइलला लावला. मोबाइलला जॅक नाहीच, म्हणून एका नावाजलेल्या कंपनीचा ९०० रुपयांचा डोंगल, म्हणजे यूएसबीत खुपसून हेडफोनचा जॅक मिळवायचा तुकडा, घेतला होता ज्याचं सगळे कौतुक करतात. भीमसेनांचं एक जुनं रेकॉर्डिंग लावलं, आवाज पूर्ण वर, आणि तानपुरा कुठेतरी शेजारच्या वाडीत वाजतोय असं वाटलं. आईने दोन मिनिटं कानाला लावून बघितला नि म्हणाली, "इतके पैशे घालून माका काय्येक ऐकाक येणा नाय, ह्यो कसलो रेडिओ?" मी काय बोलणार.

आता इथे माझी पहिली चूक झाली. मी धरूनच चाललो की ३०० ओहम आहे म्हणजे याला दणदणीत ॲम्प पाहिजे, वॅटच्या वॅट ताकदीचा, आणि १५-२० हजारांचे ॲम्प बघत बसलो. बजेट तर केव्हाच संपत आलेलं. कुडाळला माझा एक मित्र आहे, पंप आणि ठिबकचं दुकान चालवतो, त्याला हा नाद माझ्याआधीपासून. त्याच्याकडे हेडफोन घेऊन गेलो. त्याने विचारलं, "पंप घेताना काय इचारतस? हेड किती, डिस्चार्ज किती. ह्या पण तसाच." आणि खरंच, मला जे महिनाभर वाचून कळलं नव्हतं ते तिथे पाइपांच्या बंडलावर बसून पाच मिनिटांत कळलं.

म्हणजे बघा, घाटीवरच्या टाकीत पाणी चढवायचं असेल तर हेड पाहिजे, पाणी थोडं असलं तरी चालतं. सपाट बागेत भरपूर झाडांना पाणी सोडायचं तर डिस्चार्ज पाहिजे, हेड कमी चालतं. ३०० ओहमचा हेडफोन ही वरची टाकी, त्याला व्होल्टेज लागतं, करंट अगदी किरकोळ. मित्राकडे हायफायमनचा एचई४००एसई होता, प्लॅनर, म्हणजे आत सपाट पातळ पडदा असलेला, २५ ओहम, ९१ डेसिबल प्रति मिलिवॅट, म्हणजे १ मिलिवॅट दिला की ९१ डेसिबल आवाज, ती झाली सपाट बाग. मी घरी आल्यावर वहीत आकडे मांडले. एचडी ६५०ला १ व्होल्ट दिला की कंपनीच्या म्हणण्यानुसार १०३ डेसिबल. म्हणजे ८९ डेसिबलला ०.२ व्होल्ट पुरतो आणि करंट लागतो ०.६७ मिलिॲम्पिअर. तेवढाच आवाज त्या प्लॅनरमधून काढायला व्होल्टेज उलट कमी, ०.१२५च, पण करंट ५ मिलिॲम्पिअर, साडेसात पट! ओहम कमी म्हणजे चालवायला सोपा हे मी डोक्यात घेऊन बसलो होतो ते साफ चूक, आणि ओहम जास्त म्हणजे वॅट जास्त हेही चूकच. हे कळलं तेव्हा २० हजारांच्या ॲम्पचं भूत उतरलं.

पण मित्राच्या टेबलावर एक चिनी ट्यूब ॲम्प होता, जुन्या रेडिओसारख्या काचेच्या व्हॉल्व्हचा, ट्रान्सफॉर्मर नसलेला, ओटीएल म्हणतात तो, त्यावर एचडी ६५० लावला आणि काय सांगू. पखवाज असा भरून आला की मी तिथेच तो विकत मागितला. तो हसला. मग म्हणाला आता हाच ॲम्प माझ्या प्लॅनरला लाव, आणि लावला तर सगळा जीव गेलेला आवाज. कारण त्या ॲम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे त्याच्या आतलाच अडथळा, १०० ओहमच्या आसपास. २५ ओहमच्या वाट्याला व्होल्टेजचा पाचातला एकच भाग येतो, बाकीचं ॲम्प स्वतःच खातो. एचडी ६५०चं वेगळं, तो नावाला ३०० ओहम, पण ८०-१०० हर्ट्झजवळ, म्हणजे खालच्या सुरांत, त्याचा इम्पिडन्स जवळपास ५०० पर्यंत चढतो, त्यामुळे तिथे त्याला वाटा थोडा जास्त मिळतो आणि खर्ज फुगतो. किती फुगतो? गणित केलं तर जेमतेम १ डेसिबल. मला ऐकताना वाटलं होतं आयुष्य बदललं! बाकीचं काय होतं तर तिथे आवाज घरच्यापेक्षा मोठा होता, आणि मोठा आवाज चांगलाच वाटतो, माणसाचा कान तसाच आहे. आउटपुट इम्पिडन्स हेडफोनच्या एक अष्टमांशाच्या आत असावा असा जो नियम सांगतात तो पाळायचा असेल तर ३०० ओहमला ३७ पर्यंत चालेल, २५ ओहमला ३ सुद्धा काठावरच.

मग म्हटलं तुलना करायची तर आवाज सारखा करूनच. आमच्या वाडीतला वायरमन माझा शाळासोबती, त्याच्या सल्ल्याने ३५० रुपयांचा मल्टिमीटर घेतला. एका स्प्लिटरच्या एका तोंडाला हेडफोन, दुसऱ्याला जुन्या इअरफोनची कापलेली वायर, तिच्या दोन टोकांना मीटरचे प्रोब, आणि ५० हर्ट्झचा टोन पूर्ण लेव्हलला. ५०च का, तर स्वस्त मीटर एसी व्होल्ट घरच्या लाइटीच्या आसपासच नीट दाखवतो, १ हजार हर्ट्झला त्याचा भरवसा नाही. आणि टोन चालू असताना हेडफोन कानावर ठेवू नका, मी ठेवला होता.

मीटरने काय दाखवलं तर तोच डोंगल लॅपटॉपला पूर्ण १ व्होल्ट देतो आणि माझ्या मोबाइलला ०.४! डोंगल एकच, हेडफोन एकच, नुसता मोबाइल बदलला की ८ डेसिबल गेले. बिघाड नव्हताच काही, मोबाइल त्या डोंगलचा व्हॉल्यूम वरपर्यंत नेतच नव्हता. आणि वर जुनी शास्त्रीय रेकॉर्डिंग मुळातच हळू, आलापाला तर सुई हलते की नाही अशी, आजची सिनेमाची गाणी दाबून मोठी केलेली असतात म्हणून त्यांना ०.४ पुरत होतं. म्हणजे माझ्या ऐकण्याला पाहिजे होता १ व्होल्टच्या वर थोडा मोकळा गाळा. दोन व्होल्ट मिळाले तर ६ डेसिबल वाढतात, मला तेवढं बस.

सेकंडहँडमध्येच एक छोटा ट्रान्झिस्टरवाला डॅक-ॲम्प, म्हणजे डिजिटल आवाजाचा सिग्नल करणारा डॅक आणि ॲम्प एकाच डबीत, ५,५०० ला मिळाला, आउटपुट इम्पिडन्स १ ओहमच्या आत, लो आणि हाय गेनचं, म्हणजे सिग्नल कमी की जास्त वाढवायचा त्याचं, बटण. लो गेनवरच २ व्होल्ट आले. ६०० रुपये ६.३५ मिमीच्या जाड पिनेचं ॲडॉप्टर, यूएसबी वायर, स्प्लिटर यांत. मग डोळे मिटून, आवाज मीटरने जुळवून, बायकोला बटणं फिरवायला लावून मी लॅपटॉप-डोंगल आणि ॲम्प ऐकले. रात्री हळू आवाजात मला फरक सांगता आला नाही. बायको म्हणाली मग घेतलास कशाला. आलाप लाव म्हटलं, तिथे डोंगल पूर्ण वर जाऊन थांबतो आणि ॲम्प अर्ध्यावर असतो, फरक असला तर एवढाच.

हे सगळं जमलं म्हणतोय तोच एप्रिलमध्ये घरघर सुरू झाली. लॅपटॉप चार्जरवर असला की घूं घूं, चार्जर काढला की बंद. मी ॲम्पला शिव्या देत होतो. वायरमन आला, लॅपटॉपच्या पत्र्याला बोटाची पाठ लावून बघितली, झिणझिण्या येत होत्या, आणि म्हणाला, "मेल्या, तुझो ॲम्प बरो आसा, जमीन सुकली हा." आमच्याकडे चिऱ्याची जमीन, पाणी धरून ठेवत नाही, उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होतो आणि अर्थ नावापुरती राहते. खड्डा खणून कोळसा-मीठ परत भरलं, पाइपातून दोन बादल्या पाणी ओतलं, १,५०० रुपये त्याची मजुरी आणि सामान धरून. घरघर ऐंशी टक्के गेली. उरलेली गेली ती मी लॅपटॉप बॅटरीवर चालवायला लागल्यापासून. हजारोंच्या पॉवर फिल्टरच्या जाहिराती बघून ठेवल्या होत्या त्या तशाच राहिल्या.

जूनमध्ये डावा कान गेला. म्हणजे हेडफोनचा. ॲम्प बदलला, वायर हलवली, कधी येतो कधी जातो. वायरीच्या दोन पिना काढून बघितल्या तर त्यांवर हिरवट थर, समुद्र अर्ध्या किलोमीटरवर आहे, खिडकीच्या गजांचंही तेच होतं. कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसल्या, दोनदा आत-बाहेर केल्या, आला. कानाच्या मऊ गाद्यांवर पांढरी बुरशी धरायला लागली होती ती उन्हात ठेवून ब्रशने काढली, पण पावसाळ्यात ऊन कुठलं. शेवटी आईने पिठाचा जुना घट्ट झाकणाचा डबा दिला, त्यात बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून हेडफोन त्यातच ठेवतो, पुड्या महिन्यातून एकदा तव्यावर मंद गरम करून परत.

आता विजा कडकडायला लागल्या की सगळे प्लग काढतो, ॲम्प गप्प. लाइट तर गेलेलीच असते. मग डोंगल, मोबाइल आणि हेडफोन, मोबाइलमध्ये एक ॲप टाकलंय जे यूएसबीला थेट आवाज पाठवतं, त्यातून डोंगल पूर्ण व्होल्ट देतो, मीटर लावून बघितलंय. परवा आईनेच डबा उघडला, म्हणाली माझं भजन लाव. लावून दिलं. ओपन बॅक असल्यामुळे मला पण बाहेर ऐकू येत होतं.