अकरा ताटं

7 डिसेंबर, रविवार

आगमनकाळाची, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांतली, दुसरी मेणबत्ती आज लावली. गेल्या रविवारी पहिली लावली तेव्हा धाकट्याला वाटलं वाढदिवसच आहे, त्यानं फू करून ती विझवली होती. आज हात मागे बांधून उभा राहिला. ओठ तरी पुढे आलेच.

रात्री पोरं झोपल्यावर गेल्या वर्षीची खर्चाची वही काढली. नाताळचं पान : एकूण 14,600. त्यात 2,300 चं प्लास्टिकचं झाड, 28 तारखेलाच बंद पडलेली लाइटची माळ, दोन केक, पोरांचे दोन-दोन ड्रेस आणि सगळ्यात खाली माझ्याच अक्षरात 'कंबरेच्या गोळ्या, 40'. एवढं करून 25 तारखेचं मला काही म्हणजे काही आठवत नाही. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, डोळा लागला होता, एवढं पक्कं. सासूबाईंनी कोपर मारून उठवलं होतं.

म्हणून यंदा कमी करायचं ठरवलं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "कमी म्हणजे नक्की काय कमी?" दिवसभर कारखान्यात सीएनसी मशीनवर मायक्रॉनमध्ये मापं घेणारा माणूस, त्याला 'कमी' एवढ्यानं भागत नाही. मग बसून ठरवलं. पोरांना एकेकच ड्रेस. भेट एकेकच, आणि ती वापरायची वस्तू. विकतचा केक नाही. फराळाचे पदार्थ पाचाऐवजी तीन.

सासूबाई लसूण सोलत ऐकत होत्या. "साधं म्हणजे काय गं? आम्ही साधंच केलो की सगळं. खरं तुझ्यासारखं वहीत लिहून ठेवलो नाही."

मी वही मिटली.

11 डिसेंबर, गुरुवार

येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यासाठी नाचणी पेरली. दोन जुन्या स्टीलच्या ताटांत माती पसरून वर नाचणी भुरभुरायची आणि रोज पाण्याचा हात फिरवायचा. 24 तारखेपर्यंत बोटभर हिरवं गवत तयार होतं. खानापूरकडे माझ्या माहेरी आई असंच करायची. माती समोरच्या काकूंनी दिली. त्या घटाला पेरतात, त्यांना यातलं सगळं कळतं. "कुंडीतली घेऊ नकोस, चिकट होते. शेतातली देतो थांब." वडगावच्या शिवारात त्यांचं थोडं भाताचं शेत आहे. मळणी झाली होती, तर पिंजर, म्हणजे भाताचा पेंढाही पोतंभर पाठवलं. बेळगावी बासमतीचं पिंजर! वास तांदळाला असतो, पिंजराला नसतो, हे मला माहीत आहे. तरी आमच्या बाळ येशूला यंदा बासमतीची गादी, असं दोन-तीन जणींना सांगून झालं.

नणंद धारवाडहून आली. हलग्याजवळ बस दोन तास अडकून पडली होती. तिथं सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन चालू आहे. 2012 साली ती इमारत झाल्यापासून आमचा डिसेंबर दोन भागांत पडतो. आधी मोर्चे, बॅरिकेड, लॉजवर लॉज भरलेले. मग सगळे बेंगळूरला परत गेले की गाव मोकळं होतं आणि नाताळ येतो.

14 डिसेंबर, रविवार

तिसरी मेणबत्ती गुलाबी लागते. बाकीच्या तीन जांभळ्या. तीन दुकानं फिरले, गुलाबी मिळाली नाही. शेवटी थोरलीनं पांढरीवर मेणाचा गुलाबी खडू घासला. पेटवल्यावर गुलाबी ओघळ पांढऱ्यावरून खाली आले आणि फार सुंदर दिसले. पुढच्या वर्षी गुलाबी मिळाली तरी असंच करायचं म्हणते ती.

झाडावरून मात्र वाद झाला. मी ठरवलं होतं की प्लास्टिकचं झाड काढायचं नाही, सुरूची एक फांदी आणून बादलीत रोवायची. धाकटा रडला. त्याच्या मित्राच्या घरात छताला टेकणारं झाड आहे म्हणे. ह्यांनी एकच विचारलं, "2,300 दिलेलं झाड माळ्यावर ठेवून झाडाची फांदी तोडून आणणार, ह्यात साधं कुठलं?" उत्तर सुचलं नाही. झाड खाली आलं. एक पाय मोडका आहे, त्याखाली वीट लावली.

16 डिसेंबर

नाचणी उगवली. एका ताटात. दुसऱ्यात मांजर बसली होती.

20 डिसेंबर, शनिवार

आज फराळ. सकाळी सातला बसलो, रात्री साडेनऊला उठलो.

पदार्थ तीनच ठरले होते : करंज्या, कलकल, चकली. कागदावर किती सोपं वाटतं. खरं आमच्या गल्लीत दिवाळीला अकरा घरांतून ताट येतं, आणि आलेलं ताट आपण रिकामं परत पाठवत नाही. दिवाळीत त्या-त्या वेळी साखर घालून ताटं परत केली, पण खरी परतफेड नाताळात. अकरा ताटं. एका ताटात करंज्या सहा धरल्या तर 66, घरच्या आणि पाहुण्यांच्या मिळून शंभर. पदार्थ पाचावरून तीनावर आले, ताटं अकराच्या दहा होत नाहीत. कुणाचं नाव कापणार? वरच्या अक्कांचं? धाकट्याला ताप होता तेव्हा रात्री दोन वाजता त्याच खाली आल्या होत्या. कोपऱ्यावरच्या खालांचं? ईदला त्यांचा शीरखुर्मा भांडंभर येतो, आणि ते भांडं आम्ही चाटूनपुसून परत देतो.

त्यातून अंड्याचा प्रश्न. कलकलच्या पिठात आमच्याकडे नारळाचं दूध आणि अंडं घालतात, त्यानं खुसखुशीत होतात. अक्का लिंगायत, पलीकडचं घर जैन. म्हणून पीठ दोनदा भिजवायचं, आधी बिनअंड्याचं तळून घ्यायचं, मग अंड्याचं. कढईतलं तेल तेच चालतं, पण क्रम चुकला की सगळं वाया. डब्यांवर खडूनं खुणा केल्या.

सासूबाई नवा कंगवा घेऊन बसल्या. काहीजण कलकल काट्याच्या पाठीवर वळतात, त्यांना कंगवाच लागतो. पिठाची सुपारीएवढी गोळी कंगव्यावर दाबायची आणि अंगठ्यानं गुंडाळत न्यायची, शिंपल्यासारखी होते. दुपारी त्यांचे अंगठे दुखायला लागले. थोरलीचा चाळीसमध्येच उत्साह संपला. धाकटा कच्चं पीठ खात होता.

आणि तेव्हा मी चिडले. कुणावर ते सांगता येणार नाही, कारण ठरवलेलं सगळं माझंच होतं. विकतचं बंद केलं की ते घरी कुणीतरी करावं लागतं, आणि 'कुणीतरी' म्हणजे कोण हे या घरात विचारावं लागत नाही. मासिकांत साध्या नाताळचे फोटो असतात, लाकडी टेबल, एक मेणबत्ती, दोन संत्री. ते टेबल कुणी पुसलं, संत्री कुणी धुतली, ते फोटोत येत नाही. गेल्या वर्षी पैसे गेले, कंबर गेली. यंदा पैसे राहिले आणि कंबर जाणारच होती.

हे उद्यमबागेतून अर्धा दिवस करून तीनला आले. मी काही बोलले नाही, पिठाचं पातेलं पुढे सरकवलं. ह्यांनी हात धुतले, तरी रेषांत लोखंडाची काजळी बसलेली असतेच, ती वर्षानुवर्षं निघत नाही. सासूबाई म्हणाल्या, "त्याला कशाला ओ बसवालीस, दमून आलाय." मी म्हटलं, "मी पण आलोय की, सकाळी सातला." त्या हसल्या. पुढचं काही बोलल्या नाहीत, कंगवा मात्र मुलाच्या हातात दिला.

आणि काय सांगू, एका मापाची कलकल! आमची सगळ्यांची लहानमोठी, वाकडी, ह्यांची एकाला एक जोड. डब्यात वेगळी ओळखू येतात. सासूबाईंना पन्नास वर्षांत जमलं नाही ते पहिल्या बैठकीत जमलं म्हणून त्या थोड्या दुखावल्या असाव्यात. "फार घट्ट वळालास, आत कच्ची राहतील," म्हणाल्या. राहिली नाहीत.

केक? केकचं मी आज ठरवलं. घरी करायचा नाही. कॅम्पातल्या बेकरीतून साधा एक प्लम केक आणायचा. सासूबाई पूर्वी घरी फेटलेलं मिश्रण बेकरीच्या भट्टीत भाजून आणायच्या, तेही मला नको. मी वहीत 'विकतचा केक नाही' ही ओळ खोडली. फार बरं वाटलं.

22 डिसेंबर, सोमवार

पोरांनी ताटं वाटली. अक्कांनी दारातच विचारलं, "तत्ती हाकिल्ल, हौदिल्लो?" म्हणजे अंडं घातलं नाही ना? थोरली म्हणाली, "इल्ल अक्का, इल्ल." शाळेच्या कन्नडपेक्षा जिन्यातलं कन्नड तिला जास्त येतं. खालांनी ताट घेऊन आधी एक करंजी उभ्या-उभ्या खाल्ली. काकूंनी ताट परत देताना साखर नव्हे, पावट्याच्या शेंगा घातल्या.

संध्याकाळी गोठा लावला. वर पुठ्ठ्याची पाटी, नाताळच्या शुभेच्छा तीन भाषांत. थोरलीनं खडू हातात घेऊन विचारलं, "मम्मी, कुठली भाषा वर लिहू?" अकरा वर्षांची पोर. आमच्या गावात पाट्यांवरून काय-काय होतं ते तिला पुरतं ठाऊक आहे. मी म्हटलं, गोल कर. तिनं गोल पाटी कापली आणि कडेनं तिन्ही लिहिल्या. आता ज्याला जी वाचायची, त्यानं मान वाकडी करावी.

24 डिसेंबर, बुधवार, रात्र दीड

मिस्सेहून आलो. वारा असा की कानटोपीच्या आतून कान दुखले. डिसेंबरची ही कोरडी थंडी बघितली की 'गरिबांचं महाबळेश्वर' हे नाव पटतं. येताना उसाचे दोन ट्रॅक्टर गेले, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले, मोठ्यानं गाणी लावून. ड्रायव्हरनं पोरांना हात केला.

मिस्सेत जागी होते. मराठी गाणी झाली, दोन कोंकणी, एक कन्नड. शेवटच्या गाण्याला मागच्या बाकावरच्या एका आजोबांनी टाळ काढले पिशवीतून. कुणी सांगितलं नव्हतं.

घरी आल्यावर धाकट्यानं गोठ्यात बाळ ठेवलं. इतके दिवस बाळ कपाटात रुमालात असतं, रात्रीच बाहेर येतं. नाचणीचं गवत एकाच ताटाचं, म्हणून मेंढ्या एकाच बाजूला चरतात. दुसऱ्या बाजूला उंट उपाशी.

26 डिसेंबर, शुक्रवार

काल मटण, वडे, नणंदेची पोरं, झोप. बास.

आज सकाळी तिळकवाडीला वीरसौधाकडे, काँग्रेस अधिवेशनाच्या स्मारकाकडे, चालत गेलो. थोरलीला शाळेचं काहीतरी लिहायचं आहे. 26 आणि 27 डिसेंबर 1924 ला इथं काँग्रेसचं अधिवेशन झालं, गांधीजी अध्यक्ष असलेलं एकमेव. नाताळच्या दुसऱ्याच दिवशी! इतकी वर्षं इथं राहून हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. कॅम्पात त्या वर्षी नाताळ कसा झाला असेल? दूध, तेल, गाड्या, सगळंच तिळकवाडीकडे गेलं असणार. गंगूबाई हनगल तिथं स्वागतगीत गायल्या, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या. थोरलीला हे सांगितल्यावर ती जरा ताठ चालायला लागली.

मी विहिरीशी थांबले. लोक येणार, त्यांना पाणी हवं, म्हणून ती तेव्हा खणली. सगळे भाषणांचं सांगतात. माझ्या मनात आलं, एवढ्यांचा स्वयंपाक कुणी केला असेल, आणि किती वाजता उठल्या असतील? हे म्हणाले, "तू अकरा ताटांवरून तिथं पोचलीस काय?" पोचले.

28 डिसेंबर, रविवार

हिशेब. यंदा 7,250. म्हणजे जवळजवळ निम्मं. खूश होऊन ह्यांना दाखवलं. मग शेजारी नवा रकाना आखला, तासांचा, आणि आठवून आठवून भरला. माझे 41. सासूबाईंचे 16. ह्यांचे साडेपाच. पोरांचे मिळून 6, त्यातले दोन भांडणाचे.

ह्यांनी रकाना वाचला आणि म्हणाले, "गेल्या वर्षी माझे किती होते?" मी म्हटलं, गाडी चालवून दुकानात नेलात, ते धरायचं का? ते म्हणाले नको. पुढच्या वर्षी चकल्या ते पाडणार आहेत म्हणे, सोऱ्याला नवी चकती स्वतः लेथवर करून आणणार. म्हणजे आता चकल्याही मायक्रॉनमध्ये.

30 डिसेंबर, मंगळवार

गल्लीत पोरांचा ओल्ड मॅन, म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, सुरू झाला. जुनी पँट, जुना शर्ट, आत कागद आणि पिंजर कोंबायचं, डोक्याला मुखवटा, आणि 31 ला रात्री बाराला जाळायचा. गोव्यातही असं करतात म्हणे. त्याच्यासाठी डबा घेऊन दारोदार पैसे मागतात. आमच्या दारात तीन वेगवेगळ्या टोळ्या येऊन गेल्या.

धाकट्यानं पप्पांची जुनी पँट मिळवली. शर्ट खालांच्या घरातून, टोपी काकूंकडून. दुपारी भरायला पिंजर कमी पडलं. हा गुपचूप गोठ्यात हात घालून उपसत होता. मी पकडलं. तीन राजे सहा जानेवारीला यायचे आहेत, तोवर गोठा मोडायचा नाही, असं बजावलं.

"मम्मी, खाली खाली काढतो. बाळाखालचं नको. उंटाखालचं घेऊ काय?"

उंटाखालचं घे म्हटलं. उंट तसाही उपाशीच होता. आता तो थोडा वाकडा झालाय, झाडाखालच्या विटेचा एक तुकडा त्याच्या पायाखाली सरकवला आहे.