सुरमईपेक्षा सुकट भारी

आज परभणीच्या बाजारात सुकट घेतली तर सोबतचा मित्र म्हणे काय गरिबाचं खाणं घेतो, चल हॉटेलात सुरमई खाऊ. मग काय, सुकटीचा निसर्गावर भार कसा कमी ते सांगून रस्ताभर त्याचं डोकं खाल्लं 😄

बघा ना, सुकट म्हणजे वाळलेला जवळा, बारीक कोळंबीसारखा जीव, समुद्रातलं प्लँक्टन म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव खाऊन जगतो. सुरमई मात्र तारली, मांदेली असले छोटे मासे गिळते. शाळेत शिकलोच की, अन्नसाखळीत एक पायरी वर गेलं की साधारण दहा टक्केच ऊर्जा पुढं जाते, म्हणजे किलोभर सुरमईमागं दहाएक किलो छोटे मासे गेले समजा. वरून इथं समुद्र कुठंय? सुरमई बर्फात घालून गाडीनं आणायची, सुकट उन्हात वाळते आन् पोत्यात भरून येते, ना बर्फ ना फ्रीज.

आता जवळा अगदी धुतल्या तांदळाचा असंबी नाही, बारीक जाळ्यात दुसऱ्या माशांची पिल्लंबी सापडतात. आन् बोंबील सुकटीशेजारीच विकतात पण तो पठ्ठ्या स्वतःच जवळा खातो, म्हणजे साखळीत एक पायरी वरच!

मित्राला काही पटलं नाही. संध्याकाळी लसूण, तिखट घालून सुकट परतली, भाकरीबरोबर त्यानंच जास्त हाणली.