टायबरच्या दोन्ही तीरांवर: रोममधील २९ जून

२९ जून रोजी रोम शहराला सुट्टी असते. उरलेल्या इटलीला ती नसते. येशूचे प्रेषित संत पेत्र आणि संत पौल हे या नगरीचे आश्रयदाते संत असल्यामुळे त्यांचा सण हा रोमचा स्वतःचा सण आहे. कॅथलिक पंचांगात पेत्राच्या अध्यासनाचा सण २२ फेब्रुवारीला आणि पौलाच्या परिवर्तनाचा, म्हणजे ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा तो येशूचा अनुयायी झाला त्या प्रसंगाचा, सण २५ जानेवारीला असे वेगवेगळे येतात, परंतु रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेसाठी प्राण दिलेले, म्हणून दोघांचे स्मरण एकाच दिवशी केले जाते. इ.स. ३५४ च्या रोमन पंचांगात ही तारीख सापडते आणि तिच्यापुढे इ.स. २५८ या वर्षाच्या कॉन्सलांची (रोमच्या वार्षिक मुख्य अधिकाऱ्यांची) नावे आहेत, म्हणजे सम्राट व्हॅलेरियनने केलेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळाच्या काळापर्यंत या सणाचा माग पोहोचतो. इ.स. ४०० च्या सुमारास रोमला आलेल्या प्रुडेन्शियस या कवीने लिहून ठेवले आहे की, या दिवशी पोप आधी टायबरपलीकडे पेत्राच्या कबरीवर मिस्सा (कॅथलिकांचा मुख्य उपासनाविधी) अर्पण करीत आणि मग लगबगीने अलीकडच्या तीरावर पौलाच्या कबरीपाशी येऊन ती पुन्हा अर्पण करीत, आणि लोकांचे लोंढेही तसेच दोन्हीकडे वाहत. मलाही त्या दोन्ही कबरींचे दर्शन त्याच एका दिवसात घ्यायचे होते.

आदल्या संध्याकाळी मी सांता मारिया देल पोपोलो या चर्चमध्ये गेलो. तेथील चेराझी चॅपेलच्या समोरासमोरच्या भिंतींवर इटालियन चित्रकार काराव्हाजोने १६००-१६०१ मध्ये रंगवलेली दोन चित्रे आहेत. डाव्या भिंतीवर तीन मजूर पेत्राला खिळलेला क्रूस उलटा उभा करीत आहेत; त्या कष्टाने वाकलेल्या पाठींमध्ये म्हाताऱ्या पेत्राचा चेहरा तेवढा स्पष्ट दिसतो. उजव्या भिंतीवर, परिवर्तनाच्या क्षणी, पौल घोड्याच्या पायांशी उताणा पडला आहे आणि त्याने दोन्ही हात वर पसरले आहेत. (बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात त्या प्रसंगी घोड्याचा उल्लेख कोठेही नाही, तो चित्रकारांच्या परंपरेने आणला आहे.) एकाच्या आयुष्याचा शेवट आणि दुसऱ्याच्या नव्या आयुष्याचा आरंभ अशी ही जोडी आहे, आणि दोघेही जमिनीकडे झुकलेले, असहाय आहेत. त्या अरुंद जागेत मान वळवून एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत असताना मला वाटले की, या दोघांना एकत्र पाहणे मुळात सोपे नाहीच.

कारण ते दोघे एकमेकांसारखे नव्हते. पेत्र गालीलच्या समुद्रावरचा कोळी, संसारी माणूस. त्याच्या सासूचा ताप येशूने घालवल्याचे शुभवर्तमानात आहे. गुरूसोबत तो पहिल्यापासून होता आणि अटकेच्या रात्री कोंबडा आरवण्यापूर्वी त्याने त्याच गुरूला तीनदा नाकारले. पौल तार्ससचा, तंबू करण्याचा धंदा जाणणारा, गमलियेल या यहुदी धर्मशास्त्र्याच्या पायाशी शिकलेला आणि रोमन नागरिक. पहिला ख्रिस्ती रक्तसाक्षी स्तेफन याला दगडमार झाला तेव्हा मारेकऱ्यांची वस्त्रे त्याच्या पायांशी ठेवलेली होती. येशू या भूमीवर वावरत असताना तो त्याचा शिष्य नव्हता. परिवर्तनानंतर तीन वर्षांनी तो यरुशलेमेत पेत्राकडे पंधरा दिवस राहिला, असे त्यानेच गलतीकरांस, म्हणजे गलतिया प्रांतातील ख्रिस्ती मंडळ्यांस, लिहिलेल्या पत्रात आहे. त्या पंधरा दिवसांत दोघे काय बोलले असतील, याचा विचार मी अनेकदा केला आहे. पुढे अंत्युखियात, यहुदी नसलेल्या बांधवांच्या पंगतीतून पेत्र मागे सरला, तेव्हा पौलाने सर्वांदेखत, तोंडावर त्याचा निषेध केला. हेही त्याच पत्रात आहे आणि चर्चने ते कधी लपवले नाही.

सणाच्या सकाळी सेंट पीटर्स बॅसिलिकासमोरच्या चौकात रांग लवकर लागली होती. चौकाच्या मध्यभागी उभा असलेला इजिप्शियन स्तंभ १५८६ मध्ये दोमेनिको फोंताना यांनी तेथे आणून बसवला. त्यापूर्वी तो बॅसिलिकाच्या दक्षिणेला, रोमन सम्राट नीरोच्या सर्कसच्या, म्हणजे रथशर्यतींच्या मैदानाच्या, मूळ जागी होता. परंपरेनुसार पेत्राचा मृत्यू त्याच सर्कसच्या परिसरात झाला, म्हणजे तो मृत्यू पाहिलेला हा दगड आहे, या जाणिवेने मी त्याच्याकडे पाहत राहिलो. आत गेल्यावर पेत्राचा ब्राँझचा पुतळा वर्षभर दिसतो तसा नव्हता. शतकानुशतके यात्रेकरूंच्या स्पर्शाने त्याचा उजवा पाय झिजून गुळगुळीत झाला आहे; आज त्याला लाल झगा आणि रत्नजडित तिहेरी मुकुट घातलेला होता. खरे सांगायचे तर, मला त्या मुकुटापेक्षा तो झिजलेला पाय अधिक जवळचा वाटतो.

मिस्साच्या वेळी पोप नव्या आर्चबिशपांसाठी असलेल्या पॅलियमना आशीर्वाद देतात. पॅलियम म्हणजे खांद्यावर घालायची पांढऱ्या लोकरीची पट्टी. हरवलेले मेंढरू खांद्यावर घेणाऱ्या मेंढपाळाची ती खूण आहे. वेदीच्या जवळ कॉन्स्टँटिनोपलच्या (आजच्या इस्तंबूलच्या) ऑर्थोडॉक्स पेट्रिआर्कांचे, म्हणजे तेथील प्रमुख धर्मगुरूंचे, प्रतिनिधी बसले होते. ते दरवर्षी या सणाला येतात आणि ३० नोव्हेंबरला, संत आंद्रियाच्या सणाला, रोमचे प्रतिनिधी इस्तंबूलला जातात. पेत्र आणि आंद्रिया सख्खे भाऊ होते. विभागलेल्या दोन चर्चांनी त्या नात्याचा धागा असा हातात धरून ठेवला आहे, हे पाहून माझे मन भरून आले.

याच बॅसिलिकात पोप लिओ महान यांची कबर आहे. पाचव्या शतकात या सणाच्या प्रवचनात त्यांनी रोमला उद्देशून सांगितले होते की, ज्यांनी तुझे तट बांधले त्यांच्याहून या दोघांनी तुझी स्थापना अधिक चांगली केली, कारण तुला नाव देणाऱ्याने तुला आपल्या भावाच्या रक्ताने विटाळले. रोम्युलसने रेमसला मारले आणि नगरी उभी राहिली. पेत्र आणि पौल भांडले, पण भाऊच राहिले. मिस्सानंतर मी बराच वेळ लिओंच्या वेदीसमोर बसून होतो.

दुपारी मेट्रोने पौलाच्या बॅसिलिकाकडे निघालो. दोन्ही कबरींमधले हे अंतर सहा-सात किलोमीटरचे असेल. त्याच दगदगीमुळे पुढे पौलाचे स्मरण ३० जूनला करण्याची प्रथा पडली आणि १९६९ पर्यंत ती टिकली. तटाबाहेरची ही बॅसिलिका जुलै १८२३ मध्ये आगीत बेचिराख झाली आणि नव्याने बांधून १८५४ मध्ये तिचे अभिषेचन झाले. तिची भव्यता मला थोडी थंड वाटली, पण वेदीखालच्या जाळीशी गुडघे टेकल्यावर ती भावना मावळली. तेथे पौलाच्या दगडी शवपेटीची एक बाजू दिसते आणि वर त्याची म्हणून जपलेली साखळी ठेवलेली आहे. शवपेटीला बारीक छिद्र पाडून काढलेले हाडांचे कण पहिल्या-दुसऱ्या शतकातील असल्याचे पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ मध्ये, याच सणाच्या आदल्या दिवशी, या बॅसिलिकात जाहीर केले. पाच वेळा फटके आणि तीन वेळा जहाजफुटी सोसलेला, स्पेनला जाण्याची इच्छा बाळगणारा माणूस येथे विसावला आहे.

३० जून हा आता रोमच्या पहिल्या रक्तसाक्ष्यांच्या स्मरणाचा दिवस आहे. इ.स. ६४ च्या आगीनंतर नीरोने ज्यांना मारले, ज्यांची नावेही उरली नाहीत, त्यांचा. त्या सकाळी मी त्रे फोंताने येथील ट्रॅपिस्ट संन्याशांच्या मठात गेलो. पौलाचा शिरच्छेद येथे झाला, मस्तक तीनदा उसळले आणि तीन झरे फुटले, अशी आख्यायिका आहे. निलगिरीच्या झाडांखाली फार थोडे लोक होते, आणि कालच्या गर्दीनंतर ती शांतता हवीहवीशी वाटली.

परतताना ऑस्तिएन्से रस्त्याने चालत आलो, कारण काल मेट्रोमुळे एक जागा राहून गेली होती. मृत्यूकडे नेले जात असताना पेत्र आणि पौल यांनी जेथे एकमेकांचा निरोप घेतला असे मानले जाई, तेथे पूर्वी एक छोटे प्रार्थनास्थळ होते. रस्ता रुंद करण्यासाठी ते पाडले गेले; आता एका इमारतीच्या भिंतीवर त्याची खूण आहे, समोरून वाहने धावतात आणि सहसा कोणी थांबत नाही. इतिहास या भेटीची साक्ष देत नाही. परंतु ही कथा जपणाऱ्यांनी गलतीकरांस लिहिलेले पत्रही वाचलेले होते. त्या कथेत पौल म्हणतो, “चर्चच्या पाया, ख्रिस्ताच्या कोकरांच्या मेंढपाळा, तुला शांती असो.” आणि पेत्र त्याला म्हणतो, “शांतीने जा, सज्जनांच्या उपदेशका, नीतिमानांच्या तारणाच्या वाटाड्या.” मी ते शब्द मराठीत पुटपुटले आणि रहदारीतून वाट काढत पुढे निघालो.