आता मला कोण खरं मानणार?

"म्हणजे भूत नाही. मग आता घरी मला कोण खरं मानणार?"

लोकांचे भुताचे अनुभव तपासणं हे माझं काम. आज एका मुलीने हे विचारलं. तिला पहाटे जाग येते, हातपाय हलत नाहीत, छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतं. मी तिला स्लीप पॅरालिसिस समजावून सांगितलं. स्वप्नांच्या झोपेत मेंदू स्नायू सैल करून ठेवतो. कधीकधी जाग आधी येते, शरीर मागून. स्वप्न मात्र उघड्या डोळ्यांसमोर चालूच राहतं. ती ऐकत होती, मोबाइलचं कव्हर काढत, परत बसवत. आणि मग हा प्रश्न.

भूत असेल तर तिची भीती खरी, नसेल तर ती नाटकी. घरच्यांच्या हिशोबात तिसरं काही नाहीच.

मला आता त्या तिसऱ्या जागेवर काम करायचंय: भूत नाही, पण भीती खरी. विक टँडी या इंग्लिश अभियंत्याला प्रयोगशाळेत करड्या आकृतीचा भास झाला; 1998 च्या निबंधात त्याने त्याचा संबंध पंख्यामुळे तयार होणाऱ्या सुमारे 19 हर्ट्झच्या, कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीशी जोडला. पुढे त्यावर वाद झाले, होऊ देत. भ्यालेला माणूस खोटारडा नसतो, एवढं त्याने मान्य केलं होतं.

प्रोफाइलवरचा अंधारातला टॉर्चवाला फोटो आज काढला. रात्रीचे लाइव्ह बंद. यापुढे आधी झोप, औषधं, घरातला कार्बन मोनॉक्साइडसारखा विषारी वायू, नुकतंच गेलेलं कुणी, हे सगळं विचारणार. थरारासाठी आलेले जातील, जाऊ देत.

तुमच्या घरात कुणी असं सांगितलं, तर तुम्ही पहिलं काय विचारता?