येताना जुना फोटो आणा

आमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलींच्या आया विड्या वळायच्या. माझीही. सोलापूरच्या पूर्व भागातलं एका खोलीचं घर, आईच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात तेंदूची पानं. पानं कापून दिली की मग गृहपाठ. वह्यांना तंबाखूचा वास यायचा. बाई कधी बोलल्या नाहीत.

आठवीत शास्त्राच्या सरांनी खाटकाकडून बोकडाची फुफ्फुसं आणली होती. श्वासनलिकेत नळी घालून त्यांनी फुंकर मारली आणि ती टम्म फुगली. मुली किंचाळल्या, मी पुढे होऊन हात लावला. (नंतर टेबल सरांनी स्वतः धुतलं, शिपायाला हाक मारली नाही.) पुढचं वैद्यकीय शिक्षण, मुंबई, छातीची शस्त्रक्रिया हे सगळं इथं सांगत बसत नाही.

इव्हार्ट्स ग्रॅहम यांच्याबद्दल मात्र सांगायलाच हवं. 1933 साली अमेरिकेत सेंट लुईसला त्यांनी कर्करोग झालेल्या एका डॉक्टरचं डावं फुफ्फुस अख्खं काढलं आणि तो रुग्ण जगला. 1950 मध्ये वाइंडर या तरुण सहकाऱ्याबरोबर 684 रुग्णांची माहिती मांडून त्यांनीच या रोगाचा सिगारेटशी संबंध दाखवला. स्वतः वर्षानुवर्षं सिगारेट ओढत आले होते. 1957 मध्ये याच रोगानं गेले. रुग्ण त्यांच्या मागेही जगला. कापण्यात एवढा हातखंडा असलेल्या माणसाला हे होतं कशामुळे, असा प्रश्न पडावा, याचं मला जास्त अप्रूप वाटतं.

आता दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होते. उजव्या फुफ्फुसाला तीन खंड, डाव्याला दोन. गाठ असलेला अख्खा खंड काढायचा, हा जुना दंडक. गाठ कडेला आणि 2 सेंटिमीटरपर्यंत असेल तर खंडाचा भाग काढूनही भागतं, हे 2022 च्या जपानी अभ्यासानं दाखवलं. पण एवढी लहान गाठ घेऊन आपल्याकडे येतं कोण? खोकला म्हणजे विडीचा, असं धरून घरात महिने जातात. मग छातीच्या एक्स-रे फोटोत डाग दिसतो, थुंकीत जंतू नसले तरी क्षयाच्या गोळ्या सुरू होतात. आपल्याकडे क्षय एवढा, की पहिला संशय तिकडे जाणारच, त्यात वावगं काही नाही. डाग तसूभर हलत नसताना गोळ्या रेटत राहणं, हे मात्र मला खपत नाही. तिथं सीटी स्कॅन आणि गाठीचा तुकडा तपासणं, याला पर्याय नाही.

विडी कधी ओठांना न लावलेल्या बायकांतही फुफ्फुसाचा कर्करोग सापडतो. त्यांच्या गाठीच्या तुकड्याची जनुकीय तपासणी करून घ्याच. ईजीएफआर या जनुकात दोष निघाला तर त्यावर रोज घ्यायच्या गोळ्या आहेत.

जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला मी सोलापूरला येते. ओळखीचे लोक पिशवीत फोटो घेऊन भेटतात, जरूर भेटा. फक्त नव्याबरोबर दोन-तीन वर्षांपूर्वीचा फोटोही आणा, माळ्यावर असेल तर शोधून काढा. डाग तेव्हा होता का, आणि होता तर केवढा होता, हे नव्या फोटोत दिसत नाही.