विंडोज बदलण्याआधीची तपासणी: माझा अनुभव

तालुक्याच्या गावी माझे डीटीपीचे छोटे दुकान आहे. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि पतसंस्थांचे वार्षिक अहवाल ही माझी मुख्य कामे. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबणार, हे जाहीर झालेले होते. आषाढीनंतर पत्रिकांचे काम थंडावते आणि अहवालांची गर्दी ऑगस्टच्या मध्यापर्यंत सुरू होत नाही, म्हणून माझा संगणक विंडोज ११ वर नेता येईल का, या तपासणीसाठी मी जुलैचा दुसरा पंधरवडा राखून ठेवला.

यंत्राची तपासणी लवकर उरकली. विंडोज ११ ला मान्य असलेल्या इंटेल प्रोसेसरांची यादी साधारणपणे आठव्या पिढीपासून सुरू होते आणि २०१८ साली घेतलेल्या माझ्या संगणकातला आय-३ त्याच पिढीचा निघाला. रॅम ४ जीबी, म्हणजे किमान अटीइतकीच होती. ती मी ८ जीबी केली. टीपीएम (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) सापडत नसल्याचा संदेश आला तेव्हा काळजी वाटली, परंतु ती सोय मदरबोर्डवर होतीच, फक्त बायोसमध्ये (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये) ‘इंटेल पीटीटी’ या नावाखाली बंद होती.

खरी अडचण सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये दिसली. बायोस मोडपुढे ‘लेगसी’, म्हणजे संगणक सुरू होण्याची जुनी पद्धत, लिहिलेले होते आणि विंडोज जुन्या ३२ बिट प्रकारची होती. माझे जुने मराठी टंकलेखनाचे सॉफ्टवेअर चालावे, यासाठी संगणक जोडणाऱ्याने तेव्हा तीच टाकली होती. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये मिळते आणि ३२ बिटच्या विंडोजवरून थेट अपग्रेड होत नाही. सर्व काही नव्याने बसवावे लागते. त्यामुळे कोणते सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालेल, हा प्रश्न यंत्रापेक्षा कितीतरी मोठा ठरला.

वहीत प्रत्येक प्रोग्रॅमची आवृत्ती, मूळ सीडी कोठे आहे आणि लायसन्सचा क्रमांक लिहून काढला. ६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटचे प्रोग्रॅम बहुधा चालतात, १६ बिटचे मुळीच चालत नाहीत, आणि ड्रायव्हर (जोडलेले उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) मात्र ६४ बिटचाच लागतो. हा शेवटचा नियम माझ्या दृष्टीने निर्णायक होता, कारण टंकलेखनाचे सॉफ्टवेअर यूएसबी डोंगल (लायसन्सची किल्ली म्हणून लावायचे छोटे उपकरण) लावल्याशिवाय उघडत नाही आणि डोंगलला स्वतःचा ड्रायव्हर असतो.

अंदाजावर विसंबायचे नाही, असे ठरवून मी २४० जीबीची नवी एसएसडी आणली, जुन्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवली, बायोस यूईएफआय मोडवर (विंडोज ११ ला लागणाऱ्या नव्या पद्धतीवर) नेला आणि कोऱ्या एसएसडीवर विंडोज ११ टाकून एकेक गोष्ट पडताळली. पानांच्या मांडणीचा प्रोग्रॅम चालला. प्रिंटरचा ६४ बिटचा ड्रायव्हर मिळाला, स्कॅनरचा मिळाला नाही. डोंगल ओळखले गेले नाही. नवी आवृत्ती विकत घ्यावी लागेल, असे विक्रेत्याने सांगितले.

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना समजणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण संकेतांत, नसतो. फाइलमध्ये रोमन अक्षरांचे संकेत साठवलेले असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचे रूप देतो. फॉन्ट नसेल तर पडद्यावर अर्थहीन रोमन अक्षरे उमटतात. अनेक वर्षांच्या अहवालांचे साचे मला पुन्हा लागणार असल्यामुळे ते कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणण्याचे ठरवले. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफार जुन्या पद्धतीत अक्षरानंतर, तर युनिकोडमध्ये त्याचा ‘र्’ आधी येतो. कन्व्हर्टर चुकला तो बहुतेक वेळा याच ठिकाणी. ‘आर्थिक’ या एका शब्दात दोन्ही गोष्टी असल्याने तो शब्द मी प्रत्येक साच्यात शोधून पाहिला. हे काम आठ दिवस चालले आणि माझ्या मते सर्व तपासणीत तेच सर्वांत महत्त्वाचे होते. पतसंस्थेच्या अहवालात सभासदांच्या नावांतील वेलांट्या चुकलेल्या मला चालणार नाहीत.

शेवटचा अहवाल सप्टेंबरअखेर छापून गेला आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी कायमचे विंडोज ११ वर आलो. जुनी डिस्क पुसलेली नाही. स्कॅनर किंवा एखादी जुनी फाइल लागलीच तर इंटरनेटची केबल काढून, बायोसमधले सिक्युअर बूट (संगणक सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) बंद करून आणि लेगसी मोड चालू करून ती सुरू करता येते. ही कृती क्रमाने लिहिलेला कागद मी कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवला आहे.