ध्रुवावरचा रिकामा वेळ

उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमांची पुस्तकं मी शौर्यासाठी वाचत नाही. कुत्र्यांच्या गाड्या, बर्फाचे कडे, अमुक अक्षांशावर रोवलेला झेंडा, ही पानं भराभर उलटतो. मला त्यातलं जेवण, कपडे आणि कंटाळा हवा असतो. त्या बाबतीत नॉर्वेच्या फ्रित्यॉफ नान्सेन या ध्रुवसंशोधकाचा हात धरणारा कोणी नाही.

मार्च १८९५ मध्ये बर्फात अडकलेलं ‘फ्राम’ जहाज सोडून तो आणि त्याचा सोबती यालमार योहान्सेन कुत्र्यांच्या गाड्या घेऊन ध्रुवाकडे निघाले. ८६ अंश १४ मिनिटं उत्तर अक्षांशापर्यंत गेले. तोवर इतकं उत्तरेला कोणी पोचलं नव्हतं. परतताना दोघांचीही घड्याळं किल्ली द्यायची राहून बंद पडली आणि घड्याळावरून करायचा रेखांशाचा हिशेबच गेला. पुढे हिवाळ्यानं गाठलं. मग फ्रांझ योसेफ लँड या उत्तरेकडच्या द्वीपसमूहातल्या एका बेटावर दगडांची खोपटी, वर वॉलरसच्या कातड्याचं छप्पर. सकाळी उकडलेलं अस्वल, रात्री तळलेलं अस्वल. मधे झोप, कधी कधी दिवसाचे वीस-वीस तास.

नान्सेनच्या रोजनिशीत या काळातल्या नोंदी तुरळक आहेत. घडत काहीच नव्हतं, तर लिहिणार काय? पण नाताळची नोंद आहे, आणि ती बहारीची आहे. योहान्सेननं सणासाठी सदरे बदलले, म्हणजे वरचा आत घातला आणि आतला वर. नान्सेननं पाव कप कोमट पाण्यात अंघोळ उरकली. टॉवेल म्हणून जुनी चड्डी! वर लिहितो की आता अगदी वेगळाच माणूस झाल्यासारखं वाटतंय. जेवायला माशाची पूड आणि मक्याचं पीठ, लोण्याऐवजी चरबीचं तेल.

सगळ्यात हाल झाले ते वाचनाचे. छापील म्हणावं असं जवळ काय, तर नाविक पंचांग आणि कोष्टकं. त्यातला नॉर्वेच्या राजघराण्याचा तपशील आणि बुडालेल्याला शुद्धीवर कसं आणावं याच्या सूचना नान्सेनला जवळजवळ पाठ झाल्या. तरी तो पुन्हा काढून बसे. नुसती छापलेली अक्षरं दिसली तरी बरं वाटे म्हणे. (वाण्याच्या पुडीचा कागद उलगडून वाचणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको.)

जून १८९६ मध्ये त्याच द्वीपसमूहातल्या केप फ्लोरापाशी फ्रेडरिक जॅक्सन हा इंग्रज अवचित भेटला आणि सुटका झाली. तिथे दोघांना काट्यावर उभं केलं. फ्राम सोडल्यापासून नान्सेनचं वजन सुमारे दहा किलोंनी वाढलं होतं, योहान्सेनचं सहा.